कमरेचे पिस्तूल आणि नागरिकाची सुरक्षितता

२३ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने न्यूयॉर्क राज्याच्या शस्त्रकायद्यातील एक शतकाहून जुनी अट रद्दबातल ठरवली. घराबाहेर पिस्तूल लपवून बाळगण्याचा परवाना मागणाऱ्याने आपल्याला त्याची खास गरज का आहे हे दाखवून दिले पाहिजे, अशी ती अट होती. आत्मरक्षणासाठी शस्त्र जवळ बाळगणे हा घटनादत्त हक्क असून त्यासाठी गरज सिद्ध करण्याचे कारण नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. न्यायालयाच्या पुढे जाऊन अनेक राज्यांनी परवान्याची पद्धतच मोडीत काढली. २०२४ सालच्या अखेरीस पन्नासपैकी एकोणतीस राज्यांत प्रौढ नागरिकाला, तो कायद्याने अपात्र ठरलेला नसेल तर, परवान्यावाचून कोटाखाली पिस्तूल लपवून हिंडण्याची मुभा होती.

एवढे स्वातंत्र्य मिळाल्यावर कोणते शस्त्र बाळगावे याची चर्चा रंगणे ओघानेच आले. तीत एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो: जुन्या ‘सिंगल ॲक्शन’ बनावटीचे रिव्हॉल्व्हर आत्मरक्षणासाठी लपवून बाळगण्यास योग्य आहे काय? वरवर पाहता हा हौशी मंडळींचा वाद वाटेल. परंतु या शस्त्राची रचना आणि त्याचा इतिहास नीट पाहिला, तर नागरिकाच्या सुरक्षिततेचा भार कोणी वाहायचा, हा राजकारणातला मूलभूत प्रश्न त्यामागे उभा असलेला दिसतो. म्हणून या विषयाची दखल घेणे आम्हाला आवश्यक वाटते.

सिंगल ॲक्शन म्हणजे ज्याचा चाप एकच काम करतो असे रिव्हॉल्व्हर. चढवलेला घोडा सोडून देणे एवढेच ते काम. घोडा मात्र प्रत्येक गोळीच्या वेळी अंगठ्याने मागे ओढून चढवावा लागतो. त्याबरोबर काडतुसांचे चाक एक घर फिरते. सहा गोळ्या झाडायच्या तर सहा वेळा अंगठा चालवला पाहिजे. रिकामी काडतुसे एकेक करून बाहेर ढकलावी लागतात आणि नवी एकेक करून भरावी लागतात. कोल्ट कंपनीने १८७३ साली अमेरिकन सैन्यासाठी काढलेले ०.४५ इंची रिव्हॉल्व्हर हा या जातीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. नुसता चाप ओढून घोडा चढवणारी आणि सोडणारीही ‘डबल ॲक्शन’ रिव्हॉल्व्हरे त्याच शतकात आली आणि १८९२ साली अमेरिकन सैन्याने ती स्वीकारली. मात्र पुढे फिलिपाईन्सच्या वसाहतयुद्धात तेथील मोरो लढवय्यांपुढे नव्या रिव्हॉल्व्हरची लहान गोळी अपुरी पडते अशी तक्रार झाली, तेव्हा जुनी कोल्ट पुन्हा बाहेर काढण्यात आली. ‘शांतिकर्ता’ या अर्थाच्या इंग्रजी टोपणनावाने जे शस्त्र विकले गेले, त्याची ही कामगिरी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

या शस्त्राचे समर्थक म्हणतात की, ते साधे आहे, दणकट आहे, आणि अंगठ्याने घोडा चढवल्यावाचून गोळी सुटत नसल्यामुळे माणसाला विचार करण्यास क्षणभर अवधी मिळतो. विरोधक म्हणतात, तोच क्षण जीवघेणा ठरेल. एका हाताने हल्लेखोराला थोपवत दुसऱ्या हाताने घोडा चढवायचा, तोही थरथरत्या अंगठ्याने, ही गोष्ट कागदावर सोपी असते. एकदा घोडा चढला की चाप फार हलका होतो आणि किंचित दाबानेही गोळी सुटते. संकट टळले तर भरल्या काडतुसावर चढलेला घोडा हलक्या हाताने खाली उतरवणे हे आणखी जिकिरीचे काम. जुन्या बनावटीत याहून मोठा धोका होता. घोडा उतरलेला असताना त्याचे टोक थेट काडतुसाच्या बुडावर टेकलेले राही. शस्त्र हातातून निसटून आपटले तर गोळी सुटे आणि ती धन्यालाच लागे. म्हणून जाणते लोक सहा घरांत पाचच काडतुसे भरून घोड्याखालचे घर रिकामे ठेवत. रुगर कंपनीने १९७३ साली सुरक्षिततेची नवी रचना आणली, म्हणजे मूळ शस्त्र बाजारात आल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. जुन्या बनावटीची शस्त्रे आजही वापरात आहेत आणि त्यांच्या बाबतीत पाच काडतुसांचा नियम आजही लागू आहे.

तंत्रापुरता वादाचा निकाल उघड आहे. लपवून बाळगण्याचे हत्यार म्हणून ही बनावट जड, मंद आणि चूक माफ न करणारी आहे. पण चपळ आणि हलके पिस्तूल घेतल्याने प्रश्न सुटतो काय? आमच्या मते सुटत नाही. सहाव्या घरात काडतूस घालू नये, हा नियम ज्या पिढीने पाळला तिला एक सत्य कळले होते: शस्त्राचा पहिला धोका ते बाळगणाऱ्यालाच असतो. आजच्या अमेरिकेचे आकडे तेच सांगतात. २०२१ साली त्या देशात बंदुकीच्या गोळीने ४८,८३० माणसे मेली. त्यांतील निम्म्याहून अधिक, सुमारे २६,३०० माणसांनी स्वतःवरच गोळी झाडून घेतली होती. नैराश्याच्या भरात माणूस अन्य मार्गाने जीव देऊ पाहतो तेव्हा पुष्कळदा तो वाचतो आणि पुढे जगतो. बंदुकीने केलेल्या प्रयत्नांत मात्र दहापैकी सुमारे नऊ जण दगावतात. चोराच्या भीतीने घरात आणलेले शस्त्र चोराची वाट पाहत उशाशी पडून राहते आणि एखाद्या वाईट रात्री घरच्याच माणसाच्या हाती लागते. याचा हिशेब आत्मरक्षणाच्या जाहिरातीत नसतो.

आता इतिहासाकडे वळू. लपवून पिस्तूल बाळगण्याचा हक्क हा अमेरिकेच्या सरहद्दीवरील धाडसी जीवनाचा वारसा आहे असे सांगण्यात येते आणि सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर हे त्या वारशाचे प्रतीक मानले जाते. वस्तुस्थिती बरोबर उलट आहे. शस्त्र लपवून बाळगण्यास बंदी करणारे कायदे केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ सालीच केले होते. प्रामाणिक माणूस शस्त्र उघडपणे बाळगतो, लपवतो तो घातकी, अशी त्या काळची धारणा होती. कोल्टच्या रिव्हॉल्व्हरचा ज्या गावांत सुळसुळाट होता त्या गुराख्यांच्या गावांनीच वेशीच्या आत शस्त्रबंदी केली. कॅन्सासमधील डॉज सिटीत तसे फलक रस्त्यावर लावलेले होते. ॲरिझोनातील टूमस्टोन गावाने एप्रिल १८८१ मध्ये विनापरवाना शस्त्र बाळगण्यास मनाई करणारा नियम केला. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला तेथे झालेली जी चकमक पुढे चित्रपटांनी अजरामर केली, तिचे एक निमित्त हा नियम मोडणाऱ्यांची शस्त्रे काढून घेणे हेच होते. चित्रपटांत हे क्वचितच सांगितले जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास थांबलेले कोल्टचे हे उत्पादन १९५६ साली पुन्हा सुरू झाले, ते दूरचित्रवाणीवरील गुराखीपटांनी निर्माण केलेल्या मागणीमुळे. आज वारसा म्हणून जे विकले जात आहे त्याचा बराचसा भाग मनोरंजनाच्या बाजारपेठेने घडवलेला आहे.

मात्र या इतिहासाची दुसरी बाजू आमच्या वाचकांनी अधिक बारकाईने पाहिली पाहिजे. शस्त्रबंदीचे कायदे सर्वांना सारखे लागू नव्हते. गुलामगिरी संपताच १८६५ साली मिसिसिपी राज्याने कायदा करून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास मनाई केली. परवाना देणारे अर्थातच गोरे होते. पुढे कायद्यात वर्णाचा उल्लेख करणे अशक्य झाले तेव्हा किमतीचा आधार घेण्यात आला. टेनेसीने १८७९ साली आणि आर्कान्साने १८८१ साली सैन्य व आरमाराच्या बनावटीची पिस्तुले वगळून बाकीच्यांची विक्री बंद केली. सैन्याच्या बनावटीची पिस्तुले म्हणजे हीच मोठी, महागडी रिव्हॉल्व्हरे. गोऱ्या माजी सैनिकांजवळ ती होतीच. शेतमजुराला परवडणारे स्वस्त पिस्तूल तेवढे बेकायदा ठरले. १९६७ साली कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर पक्षाचे तरुण भरलेल्या बंदुका घेऊन पोलिसांच्या वागणुकीवर उघडपणे पाळत ठेवू लागले, तेव्हा भरलेले शस्त्र उघड बाळगण्यास बंदी करणाऱ्या विधेयकावर गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी तत्परतेने सही केली. शस्त्र बाळगणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना त्या वेळी त्या विधेयकाच्या बाजूने होती.

म्हणूनच दुबळ्याने शस्त्राचा विचार केला तर त्याच्यावर हिंसाचाराचा शिक्का मारून मोकळे होणे आम्हाला मान्य नाही. ३० जानेवारी १९५६ रोजी माँटगोमेरी येथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकण्यात आला. घरात पत्नी आणि तान्हे मूल होते. त्यानंतर किंग यांनी पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला आणि स्थानिक अधिकाऱ्यांनी तो नाकारला. काही काळ त्यांच्या घरी शस्त्रे होती आणि पहारेकरीही होते. १९४८ साली भारतात येऊन गेलेले गांधीमार्गी समाजवादी बेयार्ड रस्टिन यांच्यासारखे सहकारी तेथे पोहोचले, चर्चा झाल्या, आणि किंग यांनी शस्त्रे दूर केली. चळवळीच्या नेत्याच्या घरी बंदूक असेल तर चळवळीची शिस्त टिकणार नाही, हे त्यांनी ओळखले. तो निर्णय भेकडपणाचा नव्हता, तसाच तो इतरांवर लादलेलाही नव्हता. १९६४ साली लुइझियानातील जोन्सबरो येथे कृष्णवर्णीय कामगारांनी ‘डीकन्स फॉर डिफेन्स’ ही सशस्त्र संरक्षक संघटना उभारली आणि कू क्लक्स क्लानच्या टोळ्यांपासून वस्त्यांचे व कार्यकर्त्यांचे रक्षण केले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मिसिसिपीतील जॅक्सन शहरात एका उपाहारगृहाने काळ्या रंगामुळे प्रवेश नाकारला असता डॉ. राममनोहर लोहियांनी सविनय कायदेभंग करून अटक करवून घेतली होती. डीकन्सची शस्त्रे आणि लोहियांचा सत्याग्रह हे दोन निरनिराळे मार्ग आहेत. आमची निष्ठा दुसऱ्या मार्गावर आहे. पण डीकन्स एकेकटे नव्हते, लपलेले नव्हते आणि आपल्या वस्तीला जबाबदार होते. कोटाखाली पिस्तूल लपवून फिरणारा एकटा नागरिक ही अगदी वेगळी गोष्ट आहे.

हा एकटा नागरिक आला कोठून? २००५ या एका वर्षात अमेरिकेत घडलेल्या तीन घटना एकत्र ठेवून पाहाव्यात. एप्रिलमध्ये फ्लोरिडा राज्याने कायदा केला की, धोका वाटल्यास शक्य असूनही माघार घेण्याचे बंधन नागरिकावर नाही. तो जागच्या जागी प्राणघातक बळ वापरू शकतो. जूनमध्ये कोलोरॅडो राज्यातील कॅसल रॉक गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, पतीविरुद्ध न्यायालयाचा मनाई हुकूम हाती असलेल्या स्त्रीला, पोलिसांनी त्या हुकमाची अंमलबजावणी करावी असा घटनात्मक हक्क नाही. तिच्या तिन्ही मुलींचा खून झाला होता आणि त्या रात्री ती पोलिसांना वारंवार विनवीत राहिली होती. ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष बुश यांनी ज्या कायद्यावर सही केली त्याने, विकलेल्या शस्त्राचा गुन्ह्यात वापर झाल्यास होणाऱ्या बहुतेक दिवाणी दाव्यांपासून कारखानदारांना व विक्रेत्यांना संरक्षण दिले. म्हणजे पोलिसांना संरक्षणाचे बंधन नाही, कारखानदाराला परिणामांची जबाबदारी नाही, आणि नागरिकाला मात्र गोळी झाडण्याची मोकळीक आहे. आरोग्य, निवारा आणि शिक्षण ज्या रीतीने बाजाराकडे सोपवले गेले त्याच रीतीने जिवाची सुरक्षितताही सोपवली गेली. ज्याची ऐपत असेल त्याने ती विकत घ्यावी, हा त्याचा अर्थ होय.

विकत घेतल्यावर तरी ती मिळते काय? २०१२ साली फ्लोरिडातील सॅनफर्ड येथे ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलगा, लपवलेल्या पिस्तुलाचा परवाना असलेल्या एका स्वयंसेवक पहारेकऱ्याच्या गोळीला बळी पडला. आत्मरक्षणाचा बचाव मान्य होऊन मारणारा पुढील वर्षी निर्दोष सुटला. जुलै २०१६ मध्ये मिनेसोटात फिलांडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय मोटारचालकाला पोलिसांनी थांबवले. तो शाळेच्या भोजनगृहात काम करणारा, कामगार संघटनेचा सभासद होता. त्याच्याजवळ पिस्तूल होते आणि त्याचा रीतसर परवानाही होता. आपल्याजवळ शस्त्र आहे हे त्याने होऊन नम्रपणे सांगितले. पोलिसाने सात गोळ्या झाडून त्याला ठार केले आणि तोही निर्दोष सुटला. कागदावर हक्क एकच होता. गोऱ्याच्या कमरेचे पिस्तूल ही खबरदारी ठरते आणि काळ्याच्या कमरेचे पिस्तूल हा त्याला मारण्याचा आधार ठरतो. समाजातील विषमता कायम ठेवून सर्वांना शस्त्राचा समान हक्क दिला तर त्या हक्काचा उपयोगही विषमच होतो, हे सांगण्यास याहून वेगळा पुरावा नको.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रज सरकारने हिंदी माणसाला परवान्याच्या दारात उभे केले आणि युरोपियनांना मोकळे सोडले. तो अपमान राष्ट्रीय चळवळीला इतका जाचत होता की, १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी व्हाइसरॉयसमोर ठेवलेल्या अकरा मागण्यांत, लोकांच्या नियंत्रणाखाली आत्मरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत ही एक मागणी होती. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावातही नियमांच्या अधीन शस्त्र बाळगण्याचा हक्क नमूद आहे. त्याचाच आधार घेऊन डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती सुचवली. पुढे प्रजा समाजवादी पक्षातर्फे लोकसभेत गेलेले ते हेच कामत. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्तीला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. कामतांची तळमळ खरी होती. पण आंबेडकरांचा निर्णय दूरदृष्टीचा होता. सरसकट हक्क दिला असता तर गावकुसाबाहेरच्या माणसाआधी तो कोणी वापरला असता, याचे उत्तर बिहारने दिले आहे. १ डिसेंबर १९९७ रोजी लक्ष्मणपूर बाथे येथे जमीनदारांच्या खाजगी सेनेने अठ्ठावन्न दलितांची कत्तल केली. बंदुकीचा हक्क आधी बंदूक विकत घेऊ शकणाऱ्याकडे जातो आणि नंतर त्याच्याकडेच राहतो.

जानेवारी २०१४ मध्ये सरकारी आयुध कारखान्याने स्त्रियांच्या आत्मरक्षणासाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. दिल्लीतील २०१२ च्या भीषण अत्याचाराची स्मृती त्या नावाला जोडलेली होती. किंमत होती सव्वा लाख रुपयांच्या घरात. पहाटे शेतावर निघालेली मजूर बाई, रात्रपाळी संपवून परतणारी परिचारिका, कचरा वेचणारी मुलगी यांपैकी कोणाला ते परवडणार होते? त्यांना हवे होते रस्त्यावर दिवे, वेळेवर येणारी बस, घराजवळ शौचालय, तक्रार नोंदवून घेणारे पोलीस ठाणे आणि लवकर निकाल देणारे न्यायालय. या पाच गोष्टी देण्याऐवजी राज्यसंस्था पिस्तूल विकू लागली, तर ती आपली जबाबदारी झटकते आहे असेच म्हणावे लागेल.

आमच्या कार्यकर्त्यांना धमक्या येत नाहीत असे नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे गोळ्यांना बळी पडले. दोघेही सकाळी फिरायला बाहेर पडलेले होते. मागून किंवा अचानक येणाऱ्या मारेकऱ्यासमोर कमरेचे पिस्तूल, मग ते सिंगल ॲक्शन असो वा अत्याधुनिक, काय करू शकले असते? घात करणारा वेळ आणि जागा निवडून येतो. त्याच्या एका चापाला उत्तर देण्यास दुसऱ्याला घोडा चढवण्याचीही सवड नसते. अशा खुनांना उत्तर एकच असते: तपास तडीस नेणारी यंत्रणा, सूत्रधारांपर्यंत पोहोचणारा खटला, आणि मारल्या गेलेल्या माणसाचे काम दुसऱ्या दिवशी पुढे चालवणारी संघटना.

आत्मरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेने मान्य केला आहे आणि तो आम्हीही मानतो. अंगावर आलेल्याला प्रतिकार करणाऱ्या स्त्रीला किंवा दलित तरुणाला कोणी अहिंसेचे प्रवचन देऊ नये. परंतु हक्क मान्य करणे वेगळे आणि प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल हे समाजरचनेचे धोरण म्हणून स्वीकारणे वेगळे. म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. शस्त्रपरवान्यांचे वाटप कोणत्या निकषांवर आणि कोणत्या वर्गाला होते याची जिल्हावार माहिती सरकारने जाहीर करावी. निवडणुकीच्या आणि जमिनीच्या तंट्यांत मिरवली जाणारी परवानाधारक शस्त्रे जप्त व्हावीत. अत्याचारग्रस्त वस्त्यांना पोलीस संरक्षण देणे ही अधिकाऱ्याची व्यक्तिगत जबाबदारी ठरावी आणि ती टाळल्यास त्याला शिक्षा व्हावी. ज्या गावात दलित वस्तीला भय वाटते तेथे आपल्या शाखेने रात्री बैठक घ्यावी, तक्रार नोंदवण्यास सोबत जावे, साक्षीदारांना एकटे पडू देऊ नये.

अमेरिकेतील वाद तेथे चालू राहील. पाच काडतुसे भरावीत की सहा, अंगठ्याने घोडा चढवण्यास किती क्षण लागतात, याचा काथ्याकूट करणाऱ्या माणसांची आम्ही थट्टा करू इच्छित नाही. त्यांचे भय खरे आहे. शेजाऱ्यावर, पोलिसावर आणि सरकारवर विश्वास उरला नाही म्हणून ती माणसे पिस्तुलावर विश्वास ठेवतात. ते भय आपल्याही गावांत आणि शहरांत वाढत आहे. त्याला उत्तर म्हणून शस्त्राचे दुकान उघडायचे की वस्ती संघटित करायची, हे आपल्याला आताच ठरवले पाहिजे, आणि पुढच्या शाखा-बैठकीपासून त्या कामाला लागले पाहिजे.